चादर पिळायचं गाणं

चिमीची आणि पेटीवाल्याची ओळख झाली ती एका पेन्सिलीवरून. रेडिओ केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांना बसवायची एक अरुंद खोली होती. तिथल्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून चिमी आपली पर्स मांडीवर पालथी घालत होती. गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा घरीच राहिला होता. तो नसला की तिच्या गाण्याची पट्टी खाली उतरे, आणि पट्टी उतरली की तिचा आवाज घशातच बसून राही. दहा मिनिटांत रेकॉर्डिंग, आणि पर्समध्ये निघतंय काय तर दातांच्या दवाखान्याच्या पावत्या आणि एक अर्धी पेन्सिल.

"ती पेन्सिल द्या इकडे," समोरच्या खुर्चीतला पाहुणा म्हणाला. त्याने पेन्सिल तारांवर आडवी ठेवली, आपल्या कागदांच्या गठ्ठ्याचं रबरबँड काढलं आणि दांडीमागून तीन वेढे मारून पेन्सिल घट्ट बसवली. "झालं. फक्त शिंकू नका."

हे करताना तो गुणगुणत होता. बोटं लांब, नखांत पॉलिशचे काळे डाग, कारण दिवसभर तो बाजाच्या पेट्या दुरुस्त करी आणि सगळे त्याला पेटीवालाच म्हणत. पण चिमीचं लक्ष बोटांकडे नव्हतं. तो तिचंच गाणं गुणगुणत होता.

"हे... कुठे ऐकलंत?"

"हे? जुनं गाणं आहे. कुणा आजीचं. तिची नात गाते म्हणे. मी तिला पाहिलं नाही, नुसतं ऐकलंय. ती गाते बरी, पण गाणं म्हणजे..."

"बरी?"

"म्हणजे तशी चांगलीच गाते, पण—"

"नात मीच."

पेटीवाल्याचे कान असे लाल झाले की चिमीला हसू आवरेना. तो म्हणाला, आता पेन्सिल परत मागितलीत तरी चालेल. ती म्हणाली, पेन्सिल माझीच आहे, तुमचं फक्त रबरबँड. आणि हसता हसताच तिने नजर गिटारकडे वळवली. कारण ते गाणं कुणा आजीचं वगैरे नव्हतं. ते चिमीने स्वतः केलं होतं, ती नोकरी करायची त्या दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर, पाठीमागे हवेचं यंत्र धडधडत असताना.

आता इतकं चांगलं गाणं स्वतः करून ते आजीच्या नावावर कोण खपवतं, असं कुणीही विचारेल. त्याचं असं झालं होतं. स्वतःची गाणी स्वतः करून, गिटार पाठीवर टाकून जिथे बोलावतील तिथे गाणाऱ्यांची एक छोटी मंडळी होती. चिमी पहिल्यांदा त्यांच्यात गायली तेव्हा तिच्याआधीच्या चौघांनी आपापलं गाणं कुठून आलं ते सांगितलं. एकाने आजोबांकडून घेतलं होतं, एकीने मेंढ्या राखणाऱ्या मामाकडून. लोक माना डोलवत होते. चिमीने गाणं म्हटलं—

*एक टोक धर तू, एक टोक मी,*
*चादर पिळू गं दोघी जणी;*
*तुझं पिळलं की माझं पिळतं,*
*मधून निघतं एकच पाणी.*

टाळ्या थांबल्यावर कुणीतरी विचारलं, हे कुणाचं? दाढ काढायला आलेल्या दोघी बहिणी एकमेकींचा हात पिळत बसल्या होत्या, त्यावरून सुचलं, हे त्या मेंढ्यांच्या मामापुढे काय सांगायचं? तोंडातून निघून गेलं, "आजीचं." सगळीकडून "आहा" आलं. त्या "आहा"ने घात केला. पुढच्या वेळी आजी दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरी धूत होती, त्याच्या पुढच्या वेळी तिने तिथे चाळीस वर्षं काढली होती. खरी आजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, कडक इस्त्रीची बाई. तिने जन्मात रुमालसुद्धा गाणं म्हणत धुतला नव्हता, आणि गळा तर असा की ती अंगाई म्हणायला लागली की लहानपणी चिमी झोपेतून उठून बसे.

रेडिओवर निवेदिकेने दोघांना विचारलं, तुमच्यावर कुणाचा प्रभाव, आणि सध्या काय चाललंय. पेटीवाला मोकळेपणाने बोलला. त्याचे वडील बस चालवायचे. सिग्नलला थांबले की गुणगुणायचे आणि हिरवा दिवा लागला की गाणं तिथेच सोडून द्यायचे. त्याने म्हणे आयुष्यभर तीच अर्धी गाणी पुरी केली. सध्या तो कष्टाच्या गाण्यांचा अल्बम करत होता, जुन्या गाण्यांना स्वतःची कडवी जोडून. मग चिमीची पाळी आली आणि तिने पेन्सिल लावलेल्या गिटारकडे बघत आजीचा धोबीखाना पुन्हा एकदा उभा केला. तो हनुवटी मुठीवर टेकून ऐकत होता. इतकं मन लावून तिचं खोटं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि तिला पहिल्यांदाच स्वतःची शिसारी आली.

त्यानंतर दवाखाना सुटायच्या वेळी तो समोरच्या फुटपाथवर दिसू लागला. कधी त्या बाजूला पेटी पोचवायची असे, कधी नुसताच. दोघं नदीवरच्या पुलापर्यंत चालत जात आणि कोण कुठल्या ओळीवर अडलंय ते एकमेकांना सांगत. त्याचं यमक जुळत नसलं की तो चालता चालता थांबे आणि मागून येणारे त्याच्यावर आपटत. तिसऱ्या आठवड्यात "तुम्ही"चं "तू" झालं, ते कुणी केलं यावरून दोघांत वाद होता. गर्दीत तो तिची गिटार स्वतःच्या खांद्यावर घेई आणि तिला नुसतं चालू देई. चिमी घरी येऊन आरशात बघे आणि हसे, आणि मग तिला आठवे. सांगायचं, उद्या नक्की सांगायचं. पण उद्या आला की तो इतका खुशीत असे की शब्द दातांमागेच राहत.

आणि एका संध्याकाळी त्याने बॅगेतून चार पानं काढली. अल्बमबरोबर एक छोटी पुस्तिका निघणार होती, त्यात त्याने "चादर पिळायचं गाणं" यावर लेख लिहिला होता. त्याच्या हिशेबाने गाणं निदान दोनशे वर्षांचं होतं. पुरावाही होता. एका वृद्धाश्रमात त्याला एक बाई भेटल्या होत्या, त्यांनी हेच गाणं लहानपणी ऐकलं होतं!

"आता एकच राहिलंय," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी पुस्तिका छापायला जाते. त्याआधी आजींच्या आवाजात गाणं हवं. रविवारी येऊ?"

चिमीने हो म्हटलं. का म्हटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. लेख छापला जाणार, कुणीतरी जाणकार तो वाचणार आणि पेटीवाल्याचं हसं होणार, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि खरं सांगितलं तर तो पुन्हा फुटपाथवर दिसणार नाही, हेही तितकंच लख्ख दिसत होतं.

मग तिने जे केलं ते आठवलं की आजही ती उशीत तोंड खुपसते. तिने आजीला गाणं शिकवायला घेतलं.

आजीने आधी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "मी धोबीखान्यात कधी होते गं? मी टेलिफोनच्या बोर्डावर होते. एका वेळी चाळीस लायनी सांभाळायचे मी."

"आजी, एकदाच. माझ्यासाठी."

"मुलगा बरा आहे का?"

"फार."

आजीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तिने कागद मागितला आणि गाणं मोठ्या अक्षरांत उतरवून घेतलं. मंगळवारपासून स्वयंपाकघरातून रोज तास तास सराव ऐकू येई. ती म्हातारी नातीच्या खोट्यासाठी मान मोडून मेहनत करत होती आणि चिमी शेजारच्या खोलीत कानांवर हात ठेवून बसे. लाज वाटणं म्हणजे काय ते तिला त्या पाच दिवसांत नीट कळलं.

रविवारी दुपारी पेटीवाला आला. त्याने आजीला वाकून नमस्कार केला, खिडकी बंद केली, पंखा बंद केला, माइक मांडला आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. आजीने साडी नीट केली, घसा खाकरला आणि सुरुवात केली. पहिली ओळ एका पट्टीत होती, दुसरी दुसऱ्याच, आणि तिसरीला पट्टीच नव्हती. "एकच पाणी"वर तर आवाज असा काही वर गेला की भिंतीपलीकडचा कुत्रा भुंकला. चिमीने डोळे मिटून घेतले. चला, उघडं पडलं, निदान सुटले एकदाची.

तिने डोळे उघडले तर पेटीवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ऐकलंस?" तो हळूच म्हणाला. "हे सूर आपल्या पेटीत नाहीतच. आपल्या पट्ट्यांच्या आधीचे आहेत हे. मी जन्मभर पेट्या लावतोय आणि मला... आजी, पुन्हा एकदा म्हणाल?"

आजीने नातीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. बोर्डावर चुकीची लाइन जोडली गेली की जसं बघत असेल, तसं ती बघत होती. मग म्हातारीने निमूटपणे पुन्हा तोंड उघडलं.

"नको आजी," चिमी म्हणाली. तिचा आवाज चिरका निघाला. "थांब. पेटीवाल्या, बंद कर ते. आजीने हे गाणं मंगळवारी पाठ केलंय. मी शिकवलं. धोबीखाना नव्हता. काहीच नव्हतं. गाणं माझं आहे, दोन वर्षांपूर्वीचं, दवाखान्यातलं. तुझा लेख... तो छापू नकोस. तुला लोक हसतील. मी तुला दोन महिने रोज सांगणार होते."

खोलीत नुसती माइकवरच्या दिव्याची लाल ठिणगी जळत होती. पेटीवाल्याने ती विझवली. मग तो वायर गुंडाळू लागला, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एकेक वेढा सारखा. त्याच्या कानांवर पुन्हा तोच लाल रंग चढला होता, पण या वेळी कुणाला हसू आलं नाही. दारात थांबून तो आजीला म्हणाला, "तुम्हाला त्रास दिला," आणि चिमीकडे न बघता जिना उतरून गेला.

"माझंही चुकलं," आजी म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुझा कान धरायला हवा होता." आणि ती आत जाऊन तो मोठ्या अक्षरांचा कागद फाडू लागली. चिमीला रडूही येईना.

सोमवार गेला, मंगळवार, बुधवार. फुटपाथ रिकामा होता. फोन वाजला की चिमी तो उताणा असला तर पालथा करी, कारण त्याचा असला तर काय बोलायचं आणि नसला तर काय करायचं, दोन्ही तिला माहीत नव्हतं. मंडळींतल्या सगळ्यांना तिने एकेक करून खरं काय ते कळवलं. मेंढ्यांच्या मामावालीने फक्त "अगं बाई" असं उत्तर पाठवलं. गुरुवारी दुपारी दवाखान्याच्या काउंटरवर ती खाली मान घालून नावं लिहीत होती.

"नाव?"

"पेटीवाला."

तिने मान वर केली नाही. करवलीच नाही. "कुठला दात?"

"दात शाबूत आहेत. सांगायचं होतं थोडं." मागच्या बाकावर गाल धरून बसलेले एक काका लक्ष देऊन ऐकत होते, म्हणून तो काउंटरवर वाकला. "वृद्धाश्रमातल्या त्या बाई. मी त्यांना विचारलं, हे गाणं ऐकलंय का. त्या नाही म्हणाल्या. मग मी ते त्यांना म्हणून दाखवलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, हो बाबा, लहानपणी ऐकलंय. त्यांना मला घालवायचं होतं गं. चहा गार होत होता त्यांचा. आणि मला ते तिथेच कळलं होतं."

"तरी लिहिलंस?"

"तरी लिहिलं, चार पानं. रविवारी तुझ्यावर रागावून गेलो ना, ते अर्धं खोटं होतं. मला माझीच लाज वाटत होती, म्हणून तुझ्याकडे बघता आलं नाही."

चिमीने आता मान वर केली. त्याने दाढी केली नव्हती, आणि चार दिवसांत झोपलाही नसावा. त्याने पुस्तिकेचं कच्चं पान काउंटरवर ठेवलं. लेखावर उभी रेघ मारलेली होती. गाण्याच्या वर "पारंपरिक" हा शब्द खोडलेला होता आणि पुढची जागा कोरी होती.

"हे तू लिही. गीत कुणाचं, चाल कुणाची. मी लिहिणार नाही."

पेन तिच्या हातातच होतं. दोन वर्षं ज्या जागी तिने आजीला उभं केलं होतं, तिथे स्वतःचं नाव लिहायला तिला भलताच संकोच वाटला. अक्षर वाकडं आलं. पण पूर्ण आलं, आडनावासकट.

पेटीवाला ते वाचत उभा राहिला. मग पान घडी न घालता हातात धरून, तिच्याकडे न बघता, तो भराभर बोलून मोकळा झाला. "आणि एक राहिलं. ज्या बाईने हे गाणं केलं तिच्या प्रेमात मी पडलो होतो. तुला भेटायच्या आधीपासून. मला वाटलं ती दोनशे वर्षांपूर्वी मेली, म्हणून गप्प बसलो. मग तू भेटलीस, आणि दोघींत मन वाटलं जातंय असं वाटून तुझ्यासमोर अपराध्यासारखं व्हायचं. वेडेपणा आहे, माहितेय."

गाल धरलेल्या काकांनी गालावरचा हात काढला होता.

"ती बाई..." चिमीने पेनाला टोपण लावलं. "ती खोटं बोलते फार."

"माहीत आहे. मीही काही हरिश्चंद्र नाही." आता त्याने तिच्याकडे बघितलं. "सुटते किती वाजता ती?"

आतून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. काका जागचे हलले नाहीत.

"साडेपाचला," चिमी म्हणाली. मग तिला राहवलं नाही, आणि तिने खरं तेच सांगितलं. "पण तू म्हणालास तर ती आत्ताही येईल."