मफलर आणि दुसऱ्या अंकातला चिखल

"तूच दिलंस ना त्याला चॉकलेट?" मावशीने विचारलं, आणि खारीने दचकून मान वर केली.

खार म्हणजे दहा वर्षांची एक मुलगी. खाऊ मिळाला की लपवून ठेवायचा आणि पुरवून पुरवून खायचा, या सवयीमुळे घरात तिला हे नाव पडलं होतं. सुट्टीत ती आणि तिचा दादा मावशीकडे आले होते. मावशी एका नाटक मंडळीचे कपडे शिवायची. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला तिची लांबलचक शिवणखोली होती. मावशीचा मुलगा लंबू, दादा, खार आणि मावशीचा कुत्रा मफलर अशी ही चौकडी दिवसभर तिथेच पडीक असायची. मफलरला लहानपणी कुणाच्याही गळ्यात पडून झोपायची खोड होती, म्हणून तो मफलर.

पण आज मफलर झोपायचं नावच घेईना. सकाळपासून तो नुसता येरझाऱ्या घालत होता. दोन वाडगी पाणी ढोसलं, धापा टाकल्या आणि शेवटी शिवणयंत्राशेजारी भडाभडा ओकला. ती ओकारी तपकिरी होती आणि तिला चक्क चॉकलेटचा वास येत होता. कुत्र्याला चॉकलेट म्हणजे विष, हे मावशीला ठाऊक होतं. घरात चॉकलेट कुणाकडे असणार, हेही तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटलं.

खारीने सांगितलं की तिच्याकडे एक छोटी वडी होती खरी, पण ती तिने काल रात्रीच संपवली. मावशीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, हे बाईंनी एका दमात विचारलं. मावशीने दुधाच्या चॉकलेटची एक छोटी वडी म्हणून सांगितलं आणि वजन अंदाजाने ठोकून दिलं. तेवढ्याने या कुत्र्याला फारसं काही होणार नाही, घरीच लक्ष ठेवा, बाई म्हणाल्या. पण यात काही वेगळं निघालं तर लगेच कळवा, असंही त्यांनी बजावलं.

फोन ठेवून मावशी मऊ आवाजात म्हणाली, "मी रागावत नाही गं. फक्त हो म्हण, म्हणजे विषय संपला."

खारीला रडू फुटणार होतं. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. कुणी ओरडणारही नव्हतं. पण मफलरचे पाय आता थरथरत होते, आणि त्याने तिची वडी खाल्लेली नाही हे एवढ्या मोठ्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं. मग त्याने खाल्लं तरी काय?

"मी नाही दिलं," ती म्हणाली. "मी हो म्हटलं तर डॉक्टरांना खोटंच कळेल ना!"

मावशीने कपाळाला हात लावला. दादाने मात्र बहिणीचं तोंड नीट पाहिलं. एरवी तो तिची टर उडवायची एकही संधी सोडत नसे, पण खार खोटं बोलताना कान चोळते आणि आज तिचे दोन्ही हात मफलरच्या पाठीवर होते. त्याने लंबूला खूण केली. मफलर सकाळी कुठे कुठे गेला होता, ते शोधायचं ठरलं.

शोधायला फार लांब जावंच लागलं नाही. लंबूने सकाळी दहाच्या सुमाराला त्याला मिशा चाटत रंगभूषेच्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं होतं. मफलरला उचलून तिघं तिकडे गेले. तिथे मेकअपवाले काका एका टोपाचे केस विंचरत बसले होते. टेबलाखाली उघडीच एक बादली होती, आणि तिच्यात होता दुसऱ्या अंकातला चिखल. त्या अंकात नायक दलदलीत तोंडावर पडतो. दिग्दर्शकाला खराखुरा चिखल हवा होता, आणि काका सगळ्यांना सांगत की नदीकाठची माती आपण स्वतः सात वेळा चाळून आणतो.

दादाने चॉकलेटबद्दल विचारलं. काकांनी हात झटकले. इथे रंग, पावडर आणि माती यांशिवाय काही नाही, पोरांनो, कामं करू द्या, असं म्हणून ते पुन्हा टोपाकडे वळले.

खार मात्र खाली वाकून बघत होती. खिडकीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती, ती भिंतीवरून, टेबलाच्या पायावरून थेट बादलीत उतरत होती. खाऊ लपवणाऱ्या माणसाला मुंग्यांची ओळख चांगली असते. नुसत्या मातीसाठी मुंग्या एवढी पायपीट करत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"काका," ती म्हणाली, "तुमचा चिखल गोड आहे का हो?"

काकांच्या हातातला कंगवा थांबला. ते उगाच हसले, खाकरले, मग त्यांनी थरथरणाऱ्या मफलरकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. माती नटांच्या तोंडात जाते, अंगाला खाज सुटते, म्हणून ते कोकोची कडू पूड साखरेच्या पाकात कालवून चिखल बनवत होते. दिग्दर्शकापासून ही गोष्ट त्यांनी दोन वर्षं लपवली होती. आज सकाळी त्यांनी आख्खा डबा ओतला होता, आणि बादलीवर झाकण ठेवायचं राहून गेलं होतं.

बादलीच्या आतल्या डागावरून सकाळी चिखल कुठवर होता ते दिसत होतं. दादाने बोटांनी मोजलं. पाव भाग गायब होता. लंबू मफलरला उचलून वजनकाट्यावर उभा राहिला, मग एकटाच उभा राहिला, आणि वजाबाकी अकरा किलो आली. काका बिचारे घाबरून मिठाचं पाणी पाजायला धावले, म्हणजे ओकून टाकेल. खार वाटेत आडवी आली.

"आधी बाईंना विचारू," ती म्हणाली.

तिघं मफलरला घेऊन मावशीकडे धावले, आणि या वेळी फोनवर खारच बोलली. कोकोची पूड, पाव डबा, सकाळी दहाला, अकरा किलो. मग बाईंनी सांगितलं की मिठाचं पाणी नको, दूध नको, काहीच पाजू नका. कुत्रा, रिकामा डबा आणि सगळी मंडळी, ताबडतोब निघा.

दवाखान्यात बाईंनी इंजेक्शन टोचून मफलरला ओकायला लावलं, मग विष शोषून घेणारा काळा कुळकुळीत औषधी कोळसा पाण्यात कालवून पाजला. कानातली नळी त्याच्या छातीला लावून त्या दर अर्ध्या तासाने ठोके मोजत राहिल्या. चौकडीतले उरलेले तिघं बाकावर चिकटून बसले होते. संध्याकाळी पाच वाजता मफलरचं थरथरणं थांबलं. तो जिभल्या चाटत उठला आणि टेबलावरूनच दादाच्या गळ्यात पडायला बघू लागला.

हात पुसत बाहेर आलेल्या बाई म्हणाल्या, "दूध चॉकलेटची एक वडी म्हणून तुम्ही घरीच थांबला असता, तर रात्रीपर्यंत त्याच्या जिवावर बेतलं असतं. कडू पूड फार वाईट. तो दुसरा फोन कुणी केला?"

दादा आणि लंबू, दोघांनी एकदम खारीकडे बोट दाखवलं. काकांनी तिची पाठ थोपटली आणि दिग्दर्शकाला आजच सगळं सांगून टाकतो म्हणून कबूल केलं. बाईंनी तिला शाबासकी दिली. पण खार मावशीकडे बघत होती. शाबासकीपेक्षा तिला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते मागायचं कसं ते तिला कळत नव्हतं.

मावशी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"तू सकाळीच खरं सांगितलंस आणि मी ऐकलं नाही," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "माझं चुकलं, बाळा."

तेव्हा कुठे खार रडली. दिवसभराचं साठलेलं सगळं रडून घेतलं, आणि मावशीने तिला घट्ट धरून ठेवलं.