कॅबिनेटवरचे दोन ग्लास

गुरुबसप्पांच्या दुकानात तो प्रोसेसर एकच उरला होता, आणि आम्ही दोघांनी त्याच्या डबीवर एकदमच हात ठेवला.

"मी आधी आले," ती म्हणाली.

"मी कालच फोन केला होता."

"काल फोन केलेला माणूस कालच येतो, सर. आज न्हाई."

काउंटरमागे गुरुबसप्पा हसले. "वरद सर चार महिन्यांपासून फोनच करून राहिलेत, मॅडम. घेत मात्र न्हाईत."

खरं होतं ते. लातूरच्या ट्यूशन एरियात मी फिजिक्स शिकवतो. दीडशे मुलांसमोर उभं राहताना मला कधी भीती वाटली नाही. घरचा कॉम्प्युटर उघडायची मात्र वाटत होती.

"काय त्रास देतंय मशीन?" तिनं विचारलं.

"गेम उघडायला दहा मिनिटं लागतात. मधेच बंद पडतं." मी थांबलो. मग का कोण जाणे, सांगून टाकलं. "बायकोचं आहे ते. तिनंच जोडलेलं. ती... दोन वर्षांपूर्वी गेली."

तिनं डबीवरचा हात काढला आणि डबी माझ्याकडे सरकवली.

"घ्या. पण पंधरा दिवसांत बसवायचा. न्हाई बसवला तर मी येऊन घेऊन जाणार. माझंबी मशीन म्हातारं हाय."

तिचं नाव आरती. शेजारच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. माझा नंबर तिनं गुरुबसप्पांकडूनच घेतला, माझ्यासमोर, मला न विचारता.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला. "बसवला?"

"आज वारा आहे. लाईट जाईल."

"काल वारा नव्हता."

"काल नव्हता. पण..."

"पण काय?"

"काल अडचण मीच होतो."

तिनं हसणारा चेहरा पाठवला. मी तो बराच वेळ बघत बसलो, आणि मग मला त्याचीही भीती वाटली.

नवा प्रोसेसर बसवण्याआधी मदरबोर्डचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम, अपडेट करावं लागतं. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात लाईट गेली आणि जुन्या यूपीएसनं दगा दिला तर बोर्ड मेला. माझ्या बायकोचा, मुग्धाचा, गेम डिस्कवर होता, बोर्डात नव्हता, हे मला कळत होतं. डिस्कची नक्कल काढून ठेवली की निम्मी काळजी मिटणार होती. पण त्यासाठी तिचं फोल्डर उघडावं लागणार होतं. दोन वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. फक्त गेम लावायचो. त्यात तिचं शेत होतं. कौलारू घर, विहीर, पेरूची अकरा झाडं. बघायचो आणि बंद करायचो. काही केलं नाही तर ते शेत एक दिवस उघडायचंच थांबणार होतं. केलं तर कदाचित आजच.

चौदाव्या दिवशी, रविवारी दुपारी, आरती दारात उभी राहिली.

"खालच्या बाईंनी जिन्यातच अडवलं. कोण तुम्ही म्हणून."

"भामाबाई. मग?"

"म्हणलं, प्रोसेसर परत न्यायला आले. त्यांना वाटलं, भांडं हाय."

ती आत आली, खुर्ची ओढून बसली आणि पिशवीतून एक डिस्क काढली. "नक्कल काढली?"

मी मान हलवली. नाही.

"बरं. तुम्ही खिडकीबाहेर बघा. मी काढते. उघडून काही बघणार न्हाई."

मी खिडकीशी गेलो. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"झालं," ती म्हणाली. "आता सांगा, घरात माणसं किती?"

"एक."

"मग एक स्टीलचा ग्लास आणा."

मी आणला. तिनं तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर पालथा ठेवला, त्याच्याकडे जरा बघितलं, आणि स्वतः उठून स्वयंपाकघरातून दुसरा आणला. तो पहिल्यावर पालथा ठेवला, थोडा तिरका.

"एकटा ग्लास वाजत न्हाई," ती म्हणाली. "भूकंपात आमची आई भिंतीखाली गेली. मी चार वर्षांची. तेव्हापासून लक्ष्मीबाई, म्हणजे आमची आजी, उशाशी ग्लासांची चळत लावते. घरात जितकी माणसं, तितके ग्लास. जमीन हलली की वाजतात, अन् सगळे बाहेर पळायचं. भ्यायचं काम असलं की मीबी लावते."

"तुम्हाला भीती वाटते?"

"चला, चालू करा."

स्क्रीनवर अपडेटची पट्टी सरकू लागली. दहा टक्के. पंचवीस. चाळीसला ग्लास किणकिणले.

मला कळायच्या आत तिनं माझं मनगट धरलं होतं आणि दाराकडे ओढलं होतं. दाराच्या चौकटीत तिचा चेहरा पाहिला. पांढराफटक.

"ट्रक आहे, आरती," मी हळू म्हणालो. "डाळ मिलचा. रोज जातो."

ती म्हणाली, "तीस वर्षं झाली. पाय अजून ऐकत न्हाईत." मग तिला मनगटाची आठवण झाली. सोडायला गेली... पण आता मी धरलं होतं.

तेवढ्यात पंखा थांबला. लाईट गेली होती. यूपीएस बीप बीप करू लागला. सत्तर टक्के. ऐंशी. बॅटरी जुनी होती, किती टिकेल ठाऊक नव्हतं. शंभर. मग स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली.

"गेलं," मी म्हणालो.

"थांबा. पहिल्यांदा वेळ घेतं."

"गेलं ते."

"सर, भूकंपानंतर नव्या गावात पक्की घरं मिळाली तरी आमची माणसं अंगणातच झोपायची. आत जायला कुणी धजेना. पहिली आजी आत शिरली. म्हणली, पडलं तर पडलं, भाकरी तर करायची हाय."

स्क्रीन उजळली.

लाईट आल्यावर पुढचं काम मीच केलं. जुन्या प्रोसेसरवर मुग्धानं लावलेली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून वरच्या पंख्याला, कुलरला, चिकटली होती.

"ओढू नका, पिना मोडतील. आधी मशीन चालवून गरम करा," आरती म्हणाली. "मग बंद करून कुलर हळू फिरवा."

मी तसंच केलं. प्रोसेसर सुटला. नवा बसवला आणि त्याच्या रिकाम्या डबीत मी जुन्याला ठेवलं.

शेत अर्ध्या मिनिटात उघडलं. आरती पुढं झुकली. "पेरू पिकून राहिलेत की. तोडत न्हाई का?"

"कधी तोडले नाहीत."

मी माउस हातात घेतला आणि एक पेरू तोडला.

निघताना तिनं वरच्या ग्लासाकडे हात नेला. "हा आत ठेवते."

"राहू द्या."

"एक माणूस अन् दोन ग्लास?"

"आरती, मला भीती वाटते."

"कशाची?"

"तुम्ही तो खरंच आत नेऊन ठेवाल, याची."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला.

"मलाबी वाटते," ती म्हणाली. "म्हणून तर दोन लागतात."

ती जिना उतरली. खालून भामाबाईंचा आवाज आला. "मिळाला का गं तुझा तो प्रोसेसर?"

"न्हाई हो मावशी," आरती म्हणाली. "परत यावं लागतंय."