टाकीतल्या पाण्याला तेलाचा वास

"गिळू नकोस! थुंक!" लुसिंडा किंचाळली.

तोबियासने चूळ टाकली. "शी! तेल लागतंय गं ताई!"

न्यू मेक्सिकोच्या त्या उजाड माळावर पापांनी जुन्या टायरांत माती ठासून घर उभं केलं होतं. वीज उन्हाची, पाणी पावसाचं, छपराच्या पन्हळींतून टाकीत उतरणारं. काल सर कोसळली, टाकी काठोकाठ भरली आणि आज हे!

आरडाओरडा ऐकून शेजारचा हॅस्केल कुंपणाशी आला. "नासलं ना पाणी? टायरांच्या उकिरड्यात राहिल्यावर दुसरं काय होणार! थांबा, घरं तपासणाऱ्या सरकारी बाईंनाच बोलावतो. उद्याच घर खाली करायला लावतो की नाही बघा!"

पापांचा चेहरा पडला. "खरंच टायरांमुळे झालं असेल का गं?"

"टायर गिलाव्याच्या आत आहेत, पापा! पाणी त्यांना शिवतं तरी का?" लुसिंडा संतापली. तिने तोबियासला आणि सुट्टीला आलेल्या मावसभावाला, आबेलला, हाक मारली. तिघं शिडीने छपरावर चढली.

पूर्वेची पन्हळ स्वच्छ होती. पश्चिमेच्या पन्हळीला बोट लावलं, तर ते काळं, तेलकट!

"तेलाचा पाऊस पडला की काय?" आबेल म्हणाला.

"गप! तिकडे बघ!" लुसिंडाने बोट दाखवलं.

हॅस्केलचा पुतण्या ट्रॅक्टरवरून मातीच्या रस्त्यावर काळं काहीतरी फवारत होता. धूळ बसावी म्हणून रोज दुपारी त्याचं हे चाले. पश्चिमेचा वारा सुटला आणि तपकिरी धुकं थेट त्यांच्या घराकडे आलं!

"इंजिनातलं जळकं तेल!" तोबियास म्हणाला. "पापांना सांगू या!"

"हॅस्केल आपल्यालाच खोटारडे ठरवेल. बाईंसमोर त्याच्याच अंगावर उडू दे की!" लुसिंडा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाकाबाई आल्या. हॅस्केल पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर! पोरांनी बाईंना आधी भाजीचे वाफे दाखवले. आबेलने प्रश्न विचारून विचारून दुपार केली. मग लुसिंडा पुढे झाली.

"मिस्टर हॅस्केल, भिंतीला एवढी नावं ठेवता, मग एक तरी भेग दाखवा. ही पश्चिमेची भिंत बघा!"

"एक? शंभर दाखवतो, कार्टे!" तो ताडताड गेला आणि भिंत ठोकू लागला. पलीकडे ट्रॅक्टर धडधडला. वारा सुटला.

"बाई, या घरातली हवासुद्धा विषारी..."

"मिस्टर हॅस्केल, तुमचा शर्ट!" तोबियास ओरडला.

पांढऱ्या शर्टावर तपकिरी शिंतोडेच शिंतोडे! बाकाबाईंनी बाहीचा वास घेतला आणि कुंपणापलीकडे पाहिलं.

"जळकं तेल. तुमच्या रस्त्यावरून उडालेलं."

"धूळ बसते त्याने! माझी जमीन आहे, मी काहीही..."

"फवारणी आत्ताच्या आत्ता बंद! रस्त्यावरची तेलकट माती उचला. आणि यांची टाकी धुऊन चांगल्या पाण्याने भरून द्या."

"आगाऊ कार्टी! बघून घेईन एकेकाला!" हॅस्केल पाय आपटत निघून गेला.

बाकाबाईंनी सगळ्या भिंती नीट तपासल्या. "घर भक्कम आहे," त्या पापांना म्हणाल्या, "आणि पोरं त्याहून भक्कम!"

पापांनी लुसिंडाला जवळ घेतलं. "घर बांधलं मी, पण त्याच्यावर संशयही मीच घेतला. तू मात्र नाही घेतलास."

"ते राहू दे, पापा," लुसिंडा बाह्या सरसावत म्हणाली. "शिडी धरा! पुढची सर यायच्या आत छप्पर घासायचंय!"