कृष्णाबाईंच्या पाठीतला गॉज

चूक काशीराममामाची. आधीच लिहून ठेवतो, कारण घरात अजून मलाच पळपुटा म्हणतात.

मामा पनवेलमध्ये घरोघरी नर्स पुरवतो. स्वतःला साधं बँडेज बांधता येत नाही. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, परीक्षा महिन्यावर आलेली. मामा म्हणाला, "गोरख, हॉस्पिटलात बेडपॅनच उचलणार का जन्मभर? घरची नर्सिंग कर. अनुभव दाखवून दुबईला जाशील!" आणि 'पास झालेला ब्रदर' म्हणून मला शिरढोणच्या एका घरी पाठवलं. आईनेही मान डोलावली.

भर दुपार होती. सून विनिता दारातच नाकाला ओढणी लावून उभी. "ब्रदर, सासूबाईंचं ड्रेसिंग पटकन करा ना, प्लीज. आम्हाला जेवण जात नाही."

त्यांना, कृष्णाबाईंना, कित्येक दिवस कुणी कुशीवरही वळवलं नव्हतं. खोलीत सडक्या मासळीवर अगरबत्ती लावल्यासारखा वास. मी वळवलं. कमरेच्या वर वाटीएवढी जखम, कडा काळ्या, आत पू आणि कोंबलेला गॉज, जाळीदार कापडाची पट्टी. आधीच्या नर्सच्या वहीत नोंद होती: गॉज एक.

एक काढला. खाली दुसरा. मग तिसरा. हिरवट, चिकट, कोमट. सातवा मात्र संपेचना. वीतभर आला, हातभर आला... त्या वाळक्या अंगात एवढा मावला कुठे?

"वढू नको रं..." कृष्णाबाई उशीत पुटपुटल्या.

"दुखतंय का, आजी?"

"मना नाय... त्याला थंडी लागतं."

"कुणाला?"

गॉज ताणला गेला. आतून. सोडायच्या आत माझी दोन बोटं जखमेत ओढली गेली, आणि आत कुणीतरी ती तोंडात धरली. दात नव्हते. चोखत होतं... सावकाश, पोट भरेपर्यंत.

बोटं उपटली तेव्हा ग्लोव्ह आतच राहिला. मी मोरीत जाऊन ओकलो.

फोनवर मामा हसला. "ग्लोव्हच गेला ना? हात आहे ना जागेवर? उद्या परत जा."

गेलो नाही. महिन्याने प्रॅक्टिकलला परीक्षकांनी पेशंटची नाडी बघायला सांगितली. त्या दोन बोटांना गरम-थंड कळतं, खरखरीत-मऊ कळतं. ठोका कळत नाही. कुणाचाच नाही, माझा स्वतःचाही नाही.

नापास झालो. कोर्स सोडला.