बालवाडीच्या दारावरची काच

लालबागच्या मेस्त्री चाळीत त्या सकाळी येऊन आमदार पद्मजा कर्णिक यांना काय मिळणार होतं, ते आधी पाहू. तळमजल्यावरच्या बालवाडीला त्यांनी पाण्याचा फिल्टर मिळवून दिला होता, त्याची फीत कापायची. म्हणजे एक नारळ, एक फोटो, बालवाडीच्या जाईबाईंच्या हातचा चहा आणि चार मजल्यांची मतं. तीही बेभरवशाची, कारण या चाळीत एकाच घरातले तिघे तीन पक्षांचे आणि भांडायला नळ एकच. विधानसभेत शाळा आणि मुलांचे प्रश्न सोडायचे नाहीत असं ठरवलेल्या, दादरच्या शिस्तशीर घरातल्या, लग्नाचा विषय निघाला की मोबाइल बघणाऱ्या बाईला एवढा फायदा पुरेसा होता.

वरचा फायदा कुणीच धरला नव्हता. तो दारात स्टुलावर उभा राहून झेंडूचं तोरण बांधत होता.

"जरा बाजूने या मॅडम," दातांतली सुतळी न सोडता तो म्हणाला. "काचेला धक्का लागेल."

पद्मजाने वर पाहिलं. दाराच्या चौकटीवरून तिरकी भेग गेली होती आणि भेगेवर आडवी, बोटभर काचपट्टी प्लास्टरने चिकटवलेली होती.

"हे काय?"

"दुरुस्ती मंडळाच्या इंजिनीअरने लावलीय. भिंत हलली की काच तडकते. काच तडकली की चाळ रिकामी."

"आणि नाही तडकली तर?"

"तर आम्ही इथेच. तुमच्या फिल्टरचं पाणी पीत."

तोरणातला एक झेंडू सुटून तिच्या खांद्यावर पडला. त्याने सॉरी म्हटलं नाही, तिने झटकला नाही… आणि फोटोत तो तसाच आला.

हा अभय तळवडेकर. जाईबाईंचा मुलगा, महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवणारा, चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी.

चहा पिता पिता पद्मजाला एक गोष्ट दिसली. समोर टॉवर चढत होता. त्याची पांढरी धूळ कठड्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सगळीकडे. काच मात्र लखलखीत. राजकारणात दिसलेलं लगेच बोलत नाहीत. ती बोलली नाही.

पण पुन्हा आली. आणि पुन्हा.

"मॅडम, आज पण बालवाडी?" ड्रायव्हर गुणाजीने आरशातून विचारलं.

"मुलांची वजनं घ्यायचीत."

"परवा घेतली ना."

"वाढली असतील."

गुणाजीने गाडी लालबागकडे वळवली. त्याच्या मते वाढत होतं ते वेगळंच, पण त्याला नोकरी प्रिय होती.

बालवाडी सुटली होती. अभय फरशीवर खडूने उद्याचं गोल रिंगण काढत होता, मुलांनी बसायचं. भेगेच्या बरोबर खाली.

"तुमच्याकडे काचा रोज पुसतात का हो?" पद्मजाने सहज विचारलं.

खडू थांबला. "आईला स्वच्छता लागते."

"फिल्टरवर बोटभर धूळ आहे."

त्याने मान वर केली. उन्हाची एक तिरीप त्या काचेवरून निसटून तिच्या गालावर आली होती… तो तिकडेच बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

"तुम्ही आमदार म्हणून विचारताय, की—"

"आधी उत्तर द्या. मग सांगते."

"इथे नको," तो हळूच म्हणाला. "रविवारी शिवडीला या. जेट्टीवर. तिथे सगळे दुर्बिणीतून फ्लेमिंगो बघतात. आमदाराकडे कुणी बघत नाही."

ती गेली. गुणाजीला सुट्टी देऊन, टॅक्सीने.

ओहोटी होती. पाणी लांब सरकलं होतं आणि चिखलावर गुलाबी रंगाचा एक पट्टा मंद हलत होता, कुणीतरी ओढणी वाळत टाकावी तसा. मागच्या गोदामांचा आवाजही इथे येईपर्यंत थकत होता. दुर्बीण एकच, शाळेतून आणलेली, आणि तिचा पट्टा आखूड… त्यामुळे दोघांना जवळ उभं राहावं लागलं. पट्टा लांब करता येत होता. कुणी केला नाही.

दुर्बीण तिच्या डोळ्यांना असतानाच तो बोलला. नजर चुकवायला ती बरी पडली.

"काच तडकते. तडकली की मी नवी बसवतो. फ्रेमवाल्याकडून कापून आणून, पहाटे."

तिने दुर्बीण काढली नाही. "खाली मुलं बसतात, अभय."

"सकाळी दार उघडतो तेव्हा पहिलं वर बघतो. मुलं घरी गेली की श्वास सोडतो."

"मग?"

"आमच्या मागे एक चाळ होती. मी पाचवीत होतो. दोन वर्षांत परत आणतो सांगून त्यांना शीवच्या संक्रमण शिबिरात नेलं. माझा मित्र गेला. आता त्याची मुलगी तिथूनच शाळेत जाते. चाळीच्या जागी पिंपळ आलाय, चांगला मोठा."

"मी मंडळाला कळवलं तर?"

"पोलीस येतील. आम्ही बाहेर. आणि इथलं एकही मत तुम्हाला पडणार नाही."

"आणि नाही कळवलं तर?"

कशाने तरी थवा उठला, पंखांच्या आतला लालबुंद रंग एकदम उघडा पडला, आणि दोघांच्याही माना वर गेल्या.

"काच तू बसवलीस," ती शेवटी म्हणाली. तुम्ही कुठे गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "तूच सगळ्यांसमोर काढ. परत आणायचं मी बघते."

"सगळे हेच म्हणतात, मॅडम."

"पद्मजा."

"सगळे हेच म्हणतात… पद्मजा."

त्या आठवड्यात चाळीच्या चौकात मीटिंग झाली. अभयने काचपट्टी उचकटून हातात धरली आणि सगळं सांगितलं. आधी कुजबुज, मग शिव्या. सेक्रेटरीला मालवणीत जे जे ऐकवता येतं ते सगळं ऐकवलं गेलं. मग पद्मजा उठली, आणि तिने परत आणायचा शब्द दिला.

जाईबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. "गो बाय," त्या म्हणाल्या, "शब्द लय ऐकले. तू रवशीत थंय? आमच्यावांगडा, पत्र्याखाली?"

चौक हसला.

"राहीन," पद्मजा म्हणाली. "शेवटचं कुटुंब परत येईपर्यंत."

हसू थांबलं. चाळ तयार झाली.

घोटाळा पुढे झाला. मंडळाच्या अधिकाऱ्याने नम्रपणे सांगितलं की शिबिरात भाडेकरू आणि त्याचं कुटुंब यांच्याशिवाय कुणाला राहता येत नाही. दलालांनी खोल्या बळकावू नयेत म्हणून हा नियम गेल्याच वर्षी मॅडमनीच भांडून करून घेतला होता.

ती थेट मेस्त्री चाळीत आली. गॅलरीभर ट्रंका, गाद्या, डबे. अभय मुलांच्या चित्रांच्या गुंडाळ्या बांधत होता.

"माझा शब्द माझ्याच नियमात अडकलाय."

"नियम काय म्हणतो, नीट सांग."

"भाडेकरू आणि त्याचं कुटुंब."

त्याने गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. "मी भाडेकरू आहे."

"माहितीये."

"कुटुंबात सध्या आईच… म्हणजे, जागा आहे."

खाली कुणीतरी हातगाडीवाल्याशी घासाघीस करत होतं. पद्मजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हे तू सेक्रेटरी म्हणून सांगतोयस, की—"

"आधी उत्तर दे," तो म्हणाला. "मग सांगतो."

आतून जाईबाईंचा आवाज आला. "हो म्हण गो, आणि ह्या डब्यांका हात लाव. टेम्पो येतलो."

तिने हो म्हटलं. डबेही उचलले.

आता हिशेब. विरोधक म्हणाले, मतांसाठी लग्न केलं. त्यांना बेरीज येत नसावी. तेवढी मतं तर तिला फिल्टरवरही मिळाली असती. अभयचं सेक्रेटरीपद गेलं. खोटी काच लावणारा नको, असं चाळीने ठरवलं आणि ते त्याने मान खाली घालून मानलं. पद्मजाची दादरची हवेशीर खोली गेली. शीवच्या शिबिरात तिला भेटायला येणाऱ्या मंडळाच्या साहेबांना ती गळणाऱ्या पत्र्याखालीच बसवायची, थेंब बरोबर फाइलवर पडेल अशा खुर्चीत. लालबागच्या नव्या इमारतीला मंजुरी लवकर मिळाली, त्यात या खुर्चीचा वाटा मोठा. तरी रोज सकाळी नळावर जाईबाई तिला विचारायच्याच, "कधी गो?" आणि हंडा भरेपर्यंत सुनेला उत्तर द्यावं लागायचं. जाईबाईंचा तर उंबराच गेला, त्या लग्न करून ओलांडून आल्या होत्या तो.

जुलैत एका मंगळवारी, बालवाडी भरायच्या वेळेला, मेस्त्री चाळीतली ती भिंत दारासकट आत कोसळली. खाली फक्त खडूचं रिंगण होतं, पुसट.

फोन आला तेव्हा अभय शिबिरातल्या बालवाडीच्या दारात उभा होता. सवयीने त्याने वर पाहिलं. मग आत पाहिलं. मुलं ताटल्या वाजवत होती, आणि पद्मजा मधोमध बसून कुणाच्या तरी शर्टाचं बटण लावत होती.

त्या काचेची किंमत सगळ्यांनी भरली. मुलांना काही भरावं लागलं नाही.