बिननावाचं मशीन

आर्वीत कोणालाही विचारा, जुनं मशीन कोणी बनवलं हे कोण सांगेल. लोक माझ्याच दुकानाकडे बोट दाखवतील. ही फुशारकी वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, खरं ते खरं. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. लग्नवाले, भजनवाले, ऑर्केस्ट्रावाले, आमच्याकडे सगळे त्याला मशीनच म्हणतात. मोठ्या कंपनीचा माल ओळखायला काय अक्कल लागते? नाव समोरच लिहिलेलं असतं. माझा हातखंडा बिननावाच्या मालात. नागपूर, अमरावती, हैदराबादच्या गल्लीबोळांत कुणीकुणी हातानं जोडलेली मशिनं. मागची फळी काढली की मला बनवणाऱ्याचा हात दिसतो. कोण सोल्डर जास्त टाकतो, कोण वायर आखूड कापतो, कोण घाईघाईत स्क्रू वाकडा बसवतो. काउंटरच्या या बाजूनं ‘माहीत नाही’ हे शब्द मी कधी काढले नाहीत.

माझं नाव हिरालाल. घरी धान्याची अडत, आजोबांपासूनची. चौऱ्याण्णव साली मी गादी सोडून हे दुकान टाकलं तेव्हा काका म्हणाले, पोरगं वाया गेलं. आता मंदिरातलं मशीन बिघडलं की तेच काका मला हाक मारतात.

नव्व्याण्णवचा जानेवारी. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, हवेत रुईचे तंतू, काउंटर कितीही पुसा, पांढरं ते पांढरंच. भर दुपारी एक म्हातारं जोडपं ऑटोतून उतरलं. ऑटोवाल्यानं एक खोकं आणि एक स्पीकर आत आणून ठेवला. माणसानं टोपी काढून घाम पुसला. रोहण्याचे बबनराव. मागं त्यांची बायको भागीरथाबाई, पदर दातात धरून.

“शेठ, काय भाव येईन याचा तो सांगा,” बबनराव म्हणाले. “घरात नजरेसमोर नको आता हे.”

“भाव नाई पुसत मी,” बाई म्हणाली. “हे कोनं बनवलं, तेवढं सांगा भाऊ.”

मग तिनंच सगळं सांगितलं. त्यांचा थोरला गोपाल गिटार वाजवायचा. शेतात मन नाही, ऑर्केस्ट्रासोबत गावोगाव फिरायचा. नव्वद सालच्या पोळ्यानंतर आईला म्हणाला, एक कारागीर भेटला, तो मले माह्या गिटारीचं मशीन बनवून देते, काम होईस्तोवर त्याच्यापाशी राह्यतो. गेला तो गेला. पुढच्या वर्षी एसटीच्या टपावरून हे मशीन आणि स्पीकर गावच्या स्टँडवर उतरलं. वर खडूनं गोपालचं नाव. पोरगं नाही, निरोप नाही. पोलीस झाले, ऑर्केस्ट्रावाले झाले, नागपूर पालथं घातलं.

“आठ वर्सं मी एकच म्हनून राह्यली,” बाई म्हणाली. “बनवनारा भेटला तं पोरगं भेटते.”

“मावशी, बसा तुम्ही,” मी म्हणालो. “चहा येईस्तोवर नाव सांगतो.”

असं म्हणायला मला काही वाटलं नाही. छाती फुगवूनच म्हणालो.

खोकं सागवानी, वरून करडं रेक्झिन. समोर नाव नाही, कंपनीची पट्टी नाही, नुसती बटणं. स्पीकर वेगळ्या पेटीत, बारा इंची, त्याच्यावरही काही नाही. मी कोपरे पाहिले. सगळे कारागीर कोपऱ्यावर रेक्झिन कापतात. इथं ते न कापता दुमडून आत घेतलं होतं, पुरणपोळीची कड घेतात तसं. असा कोपरा करणारा माणूस मला अख्ख्या विदर्भात माहीत नव्हता. जरा खटकलंच.

मागची फळी काढली आणि धुराचा वास आला. राळेचा, ताज्या सोल्डरिंगचा. डोळ्यांत झोंबला. वर आठ वर्षांची धूळ, जाळीत मेलेली मधमाशी, आणि आत वास असा की सोल्डरिंगची इस्त्री आत्ताच बाजूला ठेवली आहे. मी माझी इस्त्री पाहिली. ती थंड होती.

मग आतलं काम पाहिलं आणि वासाचं विसरलो. काय काम होतं! काचेचे व्हॉल्व्ह एका रांगेत, ट्रान्सफॉर्मर त्यांच्यापासून बरोबर दूर ठेवलेला, वायरी तेल लावून विंचरलेल्या केसांसारख्या. एकही टाका फुगलेला नाही. मी आयुष्यात एवढं सुंदर मशीन उघडलं नव्हतं. बबनराव भाव विचारत होते आणि मला त्यांना सांगावंसं वाटत होतं, बाबा रे, याला भाव लावायची माझी लायकी नाही.

वायरींचा जुडगा मेणाच्या दोऱ्यानं बांधला होता. मी दोऱ्याचं टोक शोधलं.

अडतीत पोत्याचं तोंड सुतळीनं शिवतात. बाकीचे दोन गाठी मारून सोडतात. आमच्या घरी शेवटी सुतळी दुहेरी करून एक कान काढतात आणि तो उलटा आत ओवतात, म्हणजे वाटेत कोणी पोतं उसवलं तर लगेच कळतं. ही गाठ आमच्या घराबाहेर कोणी मारत नाही. आमच्या घरात दुसरा कोणी सोल्डरिंग करत नाही. मी करतो, आणि मी वायरी तशाच बांधतो.

तोच कान होता. उलटा ओवलेला.

मी दिवा जवळ घेतला. प्रत्येक टाका माझा होता. थेंब टाकून इस्त्री डावीकडे ओढायची माझी सवय, ती तिथं होती. अर्थिंगची वायर लांब सोडायची माझी खोड होती, ती मी मागच्याच दिवाळीत मोडली. इथं ती मोडलेलीच होती. आणि त्याच्यापुढचंही काही होतं, जे मला अजून जमत नाही. हे मशीन रोहण्याला उतरलं तेव्हा मी गादीवर बसून तूर मोजत होतो. इस्त्री कुठून धरतात हेही मला ठाऊक नव्हतं.

भीती नंतर वाटली. आधी अभिमान वाटला. लपवून काय करू? माझा हात एवढा चांगला होणार आहे, हाच विचार पहिल्यांदा मनात आला.

“सापडलं का नाव?” बाईनं विचारलं.

“चालवून पाहू द्या,” मी म्हणालो.

स्पीकर जोडला, बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, समोरच्या चक्कीचा पट्टा थांबला, बाजार एकदम शांत झाला. लाइट गेल्यावर कंडेन्सरमधली वीज थोडी पुरते, हे मला माहीत आहे. चार श्वास पुरते. मी व्हॉल्व्हकडे पाहत राहिलो. ते लालच होते. मी वायर बोर्डातून उपटली आणि हातात धरून उभा राहिलो.

स्पीकरमधून एक तार वाजली.

गिटार जोडलेली नव्हती. कोणीतरी तार लावत होतं. वाजवायचं, पिळायचं, परत वाजवायचं. सूर लागायला आला की उतरायचा.

“तिसरी तार,” भागीरथाबाई म्हणाली. “थे त्याले कवाच लागत नाई.”

बबनराव उठले. “चाल. घरी चाल भागीरथा.”

ती हलली नाही. माझ्याकडे पाहत होती. “कोनं बनवलं भाऊ?”

माहीत नाही म्हणता आलं असतं. दोन शब्द. म्हातारी रडत घरी गेली असती आणि मी मोकळा झालो असतो. पण आयुष्यात एवढं सरस काम माझ्या हातून झालेलं, आणि ते मी दुसऱ्याच्या नावावर टाकू? की बेवारस सोडू? जमलं नाही मला.

“माझ्या हातचं आहे,” मी म्हणालो.

“शेठ,” बबनराव म्हणाले, “गंमत करून राह्यले का गरिबाची?”

तार थांबली.

बाई काउंटरजवळ आली. ती चिडली नाही. इतकी वर्षं पाठ करून ठेवल्यासारखं तिनं विचारलं, “जेवते का तो येळेवर?”

“जेवते,” मी म्हणालो. “लसणाच्या पाकळ्या तेवढ्या बाजूला काढते.”

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“आन् कान?”

“डावा अजून वाहते. थंडीत जास्त.”

बबनराव परत स्टुलावर बसले. बाईनं डोळे पुसले, पदर सारखा केला. कितीतरी वर्षांनी पोटभर जेवल्यासारखा तिचा चेहरा झाला.

“घरी कवा धाडता त्याले?”

“काम संपलं की.”

गिऱ्हाइकाला तारीख देतो त्याच आवाजात मी बोललो. आणि मला कळलं की मी तिला थाप मारत नाही आहे.

मशीन त्यांनी परत नेलं. भाव मी सांगितला नाही, त्यांनीही विचारला नाही. जाताना बाई एवढंच म्हणाली, “सावकाश करजा भाऊ. पन चांगलं करजा.”

ते मला सांगायची गरज नव्हती. खराब काम माझ्या हातून जात नाही.

पुढच्याच महिन्यात मी सागवान आणलं. करडं रेक्झिन नागपूरहून मागवलं. दुकानामागच्या खोलीत आता रोज दुपारी थोडं थोडं काम करतो. सहा फुटी फळी करवतीनं कापायची म्हणजे पलीकडचं टोक धरायला दुसरा माणूस लागतो, नाहीतर ती थरथरते आणि काप वाकडा जातो. त्या खोलीत मी एकटाच असतो.

फळी जरासुद्धा हलत नाही.