ती उठेपर्यंत थांब

दिवे गेले, आणि काळोखात कुणीतरी माझ्यावर आदळलं. हातातला निळ्या रंगाचा उघडा डबा हिंदकळला. दिवे आले तेव्हा समोर एक पांढरा शर्ट उभा होता... अर्ध्यावर आभाळ सांडलेला.

"सर्व्हर बघायला आलोय," तो स्वतःकडे बघत म्हणाला. "पण इथे आधी माणसं रंगवतात वाटतं!"

आत्याच्या रंगांच्या गोदामात मी माल सांभाळते. तिच्या सगळ्या दुकानांची बिलं कोपऱ्यातल्या खोलीतल्या एका सर्व्हरवरून निघतात. वीज गेली की तो बंद. वीज आली की यंत्र जागं होई, त्यावरची लिनक्स प्रणाली उठे, पण बिलांचं सॉफ्टवेअर काही आपणहून सुरू होत नसे. मग मी फोन करायची. मग तो यायचा, हाताने सुरू करून जायचा.

वीज जायची वाट बघणारी मी जगात एकटीच असेन.

आत्याच्या नजरेतून काय सुटतंय! डबे रचता रचता ती गुणगुणायची,

"दिवा गेला गं बाई, उजेड दारी आला,
सर्व्हरवाल्यापायी जीव वर-खाली झाला!"

"आत्या, गप गं!"

मागच्या खेपेला तो दारात घुटमळला. "काम सुटल्यावर... तळ्याकडे चक्कर मारायला याल?"

मी शब्द जुळवते न जुळवते तोच, "बरं, असू दे," म्हणत तो गेलासुद्धा. काय हे धांदरट माणूस!

आणि आज आत्याने फर्मान काढलं, "सारखं काय यांना पळवायचं? यंत्र सुरू झालं की सॉफ्टवेअर आपोआप सुरू व्हायला हवं. आजच करून टाका."

म्हणजे आजची खेप शेवटची. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. त्याने चार ओळी लिहिल्या, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर लाल अक्षरं – सॉफ्टवेअर सुरू झालं नाही.

"का हो?"

"उतावळा आहे हा बिलांचा प्रोग्राम," तो हसला. "सगळी माहिती डेटाबेसकडे. त्या बाईसाहेब उठायला वेळ घेतात. हा आधीच जाऊन दार वाजवतो. आतून आवाज नाही आला की बसतो रुसून."

"मग सांगा ना त्याला – त्या उठेपर्यंत थांब म्हणून." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "गप्प असणं म्हणजे नकार नसतो."

कळफलकावरची त्याची बोटं थबकली.

"आणि थांबूनही उत्तर आलं नाही तर?"

"तर थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. एकदा विचारून पळून जायचं नाही."

त्याचे कान लाल झाले. पण त्याने तसंच लिहिलं – आधी डेटाबेस, मग हा. जमलं नाही तर पुन्हा प्रयत्न. यंत्र पुन्हा चालू झालं. हिरवे दिवे लुकलुकले. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. बाईसाहेब उठल्या... आणि त्यांच्या मागोमाग सॉफ्टवेअर. बाहेर प्रिंटर खरखरला.

"निघालं गं बिल!" आत्या ओरडली.

त्याने पिशवी आवरली. दारापाशी गेला... आणि तिथेच उभा राहिला. आज तोच शर्ट होता. निळा डाग तसाच.

"काही राहिलं का?"

"नाही. थांबलोय."

"कशासाठी?"

"बाईसाहेब उठेपर्यंत."

मी हसू दाबलं, पण ते कुठलं दबतंय! "तळ्याकडे... येईन मी."

तो उजळला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "पण आता वीज गेली तरी मला कोण बोलावणार?"

"बोलवायचं कशाला?" मी म्हटलं. "आपोआप यायचं."

दुसऱ्या दिवशी वीज गेली नाही.

तरी तो आला.